‘निवड’ झाली की नेमणूक? विद्यार्थी परिषदेची बातमी कशी वाचावी

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आला आहे. अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी लिहिते : ‘गेल्या आठवड्यात पेपरात आमच्या कॉलेजची बातमी आली. विद्यार्थी परिषदेची बिनविरोध निवड झाली म्हणून. सचिव म्हणून माझं नाव आहे. मला कुणी विचारलं नव्हतं आणि वर्गात कुणीच मतदान केलेलं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, अगं पेढे वाट, काम काही नसतं. ही बातमी खोटी समजायची का? आणि मी हे पद घ्यावं का?’

मी 23 वर्षं नांदेडात एका दैनिकासाठी शिक्षणाचं बीट सांभाळलं. विद्यापीठ, कॉलेजं, संस्थाचालकांची भांडणं, युवक महोत्सव, पेपरफुटी, सगळं. तुमच्यासारखी बातमी मी स्वतः किती वेळा छापली असेल याचा हिशेब नाही. म्हणून उत्तर जरा लांबेल.

बातमी खोटी नाही. खोटी असती तर सोपं होतं, खुलासा मागता आला असता. ती बरोबर लिहिलेली आहे, एकेक शब्द मोजून. ‘निवड’ हाच शब्द घ्या. मतं पडून माणूस आला तरी निवड, मुलाखतीत लागला तरी निवड, आणि आई सुपात गहू घेऊन बसते तीही निवडच. तुमच्या कॉलेजात तिसऱ्या प्रकारची झाली. तिला नियुक्ती म्हणतात, पण कॉलेजच्या प्रेस नोटमध्ये हा शब्द मी फारच क्वचित पाहिला. नियुक्ती म्हटलं की वाचणारा लगेच विचारतो, कुणी केली? निवडीला तो प्रश्न येत नाही. पुढं ‘बिनविरोध’. विरोध करायचा तर अर्ज भरावा लागतो, अर्ज भरायला तारीख लागते, तारीख नोटीस बोर्डावर लागते. यातलं काहीच झालेलं नसेल तर विरोध येणार कुठून? आणि वाक्याच्या शेवटी असतं ‘करण्यात आली’. निवड करण्यात आली, सत्कार करण्यात आला, समिती गठित करण्यात आली. कर्ता गायब. आमच्या जिल्हा पानावरची अर्धी मराठी या एका क्रियापदावर चालते. तुम्ही कात्रण काढा आणि जिथं जिथं ‘करण्यात आली’ आहे तिथं पेन्सिलीनं ‘कुणी?’ लिहा. मुद्दा दहा मिनिटांत कळेल.

आता ती पेपरात येते कशी, तेही ऐका. कॉलेजात प्रसिद्धी विभाग नावाचं एक प्रकरण असतं. ते बहुधा मराठीच्या प्राध्यापकाकडं, आणि त्यांच्याकडं वेळ नसला की सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, एखाद्या तरुण मास्तराच्या गळ्यात. तो बिचारा तासिकेच्या पैशावर शिकवतो, वर बातम्याही लिहितो. मजकूर आणि फोटो व्हॉट्सॲपवर तालुका वार्ताहराकडं जातो. तालुका वार्ताहराला पगार नसतो, जाहिरातीवरचं कमिशन असतं. गावात जाहिरात देणारे कोण? पुढारी, सराफ, कृषी सेवा केंद्रं आणि शिक्षण संस्था. जून-जुलैत प्रवेशाच्या जाहिराती कुणी द्यायच्या हे ठरलेलं असतं, मग ऑगस्टमधली प्रेस नोट कोण कापणार? डेस्कवर आम्ही प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार कुणी मानले हे उडवायचो, तर रात्री फोन यायचा, ‘साहेब, नावं तेवढी कापू नका.’ नावांसाठीच तर पेपर विकला जातो. बातमीत 20 नावं म्हणजे त्या गावात 20 अंक जास्त.

मीही यात धुतल्या तांदळाचा नाही. एकदा एका कॉलेजच्या रक्तदान शिबिराची बातमी मी आदल्या रात्रीच पानात लावली. प्रेस नोट आधीच आली होती, ‘51 जणांनी रक्तदान केले’ या आकड्यासह. सकाळी पेपर वाटला गेला आणि दुपारी कळलं, ओढ्याला पाणी आलं म्हणून रक्तपेढीची गाडी गावात पोचलीच नव्हती. कॉलेजकडून एक शब्द तक्रारीचा नाही! पाच-सहा वाचक मात्र पेपर हातात घेऊन ऑफिसात आले आणि हसत उभे राहिले. त्या दिवसापासून मी एक नियम केला. 51, 101, 151 असा आकडा दिसला की फोन लावायचा. आपल्याकडं आहेराच्या पाकिटात असे आकडे असतात, मोजलेल्या गोष्टीत क्वचित.

फोटोही वाचायचा असतो. तुमच्या बातमीसोबत असेलच. खुर्च्यांवर कोण बसलंय आणि मागं कोण उभं आहे ते बघा. परिषद विद्यार्थ्यांची असते, पण खुर्च्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या, आणि परिषद मागच्या रांगेत, हातात गुलाबाचं फूल धरून.

हे असं का झालं याला कारण आहे, आणि ते फक्त तुमच्या प्राचार्यांच्या मनात आलं म्हणून नाही. महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका पूर्वी व्हायच्या, चांगल्या धूमधडाक्यात. 1989 साली मुंबईत विद्यापीठ निवडणुकीच्या वादातून ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला आणि सरकारनं हात आखडता घेतला. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं मतपेटी काढून गुणपत्रिका आणली. वर्गात ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो वर्ग प्रतिनिधी, आणि प्रतिनिधींनी मिळून आपला सचिव निवडायचा. पुढं 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, तो 1 मार्च 2017 पासून लागू झाला. त्यात थेट मतदानाची तरतूद परत आली. 2019 ला निवडणुका होणार म्हणून वेळापत्रक निघालं, आमच्याकडं पोरांनी गाड्यांवर नावंसुद्धा रंगवून घेतली. मग विधानसभेची निवडणूक आडवी आली म्हणून पुढं ढकलल्या, आणि 2020 ला कोरोना. कायद्यात मतदान, कॉलेजात नेमणूक, असं हे त्रांगडं होऊन बसलं. तुमचं नाव पेपरात आलं ते या फटीतून.

मार्कांवर प्रतिनिधी ठरवणं वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या बाकावरची पोरं गुंड नव्हती. पण त्यांना पदही नको असायचं. त्यातून दुसराच धंदा उभा राहिला. विद्यापीठ पातळीवर सचिवाचं मत लागायचं, आणि मतदार मोजकेच. मोजके मतदार म्हटलं की जिल्हा परिषदेत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सहल. मतदानाच्या आधी चार दिवस काही पोरं गावातून नाहीशी व्हायची आणि मतदानाच्या दिवशी एकाच जीपमधून उतरायची, नवे कपडे घालून. घरी सांगितलेलं असायचं की शैक्षणिक सहल आहे. एका अर्थी होतीच.

विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात यावर, सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या लिंगडोह समितीनं 2006 ला अहवाल दिला. उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांच्या आत, छापील पोस्टर नाही, हातानं लिहिलेलंच चालेल, हजेरी 75 टक्के, राजकीय पक्षाचा पैसा नको, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्या. वाचायला फार गोड. आपल्याकडं बसस्टँडसमोर एखाद्या ‘विद्यार्थी नेत्या’च्या वाढदिवसाचे जे फ्लेक्स लागतात त्यांची बेरीज करून बघा. त्या फ्लेक्सवर कोपऱ्यात वरती आमदाराचा फोटो का असतो, हे समजायला कुठल्याही समितीची गरज नाही.

आता खरं महत्त्वाचं. तुमचे सर म्हणाले, ‘काम काही नसतं.’ इथं ते चुकले, किंवा त्यांना तुम्ही चुकायला हव्या आहात. 2016 च्या कायद्याचं कलम 97 वाचा, मराठीत मिळतं. प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असावी असं ते सांगतं. इंग्रजीत सीडीसी म्हणतात, कॉलेजात तुम्ही तेच नाव ऐकाल. तिच्यात संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, एक विभागप्रमुख, शिक्षकांतून निवडून आलेले तीन प्रतिनिधी, एक शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरची चार माणसं, आणि शिवाय विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव. सचिव म्हणजे तुम्ही. ही समिती वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे. कॉलेजचा विकास आराखडा, वार्षिक अंदाजपत्रक, हिशेबाची पत्रकं तिच्यासमोर येतात आणि तिथून शिफारस होऊन संस्थेकडं जातात. म्हणजे प्रयोगशाळेचे पैसे रंगकामाला का गेले, मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम कोणत्या गुत्तेदाराला दिलं, जिमखाना फी म्हणून पोरांकडून घेतलेली रक्कम कुठल्या खात्यावर पडून आहे, हे विचारायची कायदेशीर जागा तुमच्या नावावर लागली आहे. पेढ्यांच्या बॉक्सवर हे लिहिलेलं नसतं.

म्हणून मी बातमीदार असताना ‘अध्यक्ष कोण झाला’ यात रस घ्यायचं लवकरच सोडलं. मी विचारायचो, सीडीसीची मागची सभा कधी झाली आणि तिच्या इतिवृत्तावर विद्यार्थी प्रतिनिधीची सही आहे का. दहापैकी आठ ठिकाणी समोरचा माणूस चहा मागवायचा.

अशा सह्यांबद्दल मला चांगलंच माहीत आहे, कारण सीडीसी नव्हती त्या काळातली अशी एक सही माझी आहे. 1999 ला मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, मार्कांमुळं वर्ग प्रतिनिधी. मार्च महिन्यात एका दुपारी हेडक्लार्कनं बोलावलं. टेबलावर कापडी बांधणीची लांबडी वही. आतमध्ये जुलै, सप्टेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी अशा चार सभांची इतिवृत्तं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात. ‘विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ मी चार ठिकाणी सही केली आणि चारही तारखांना मी हजर झालो. त्यातल्या डिसेंबरच्या तारखेला मी औरंगाबादला मावसभावाच्या लग्नात होतो. क्लार्क म्हणाला, ‘लेकरा, ऑडिटसाठी लागतं, मनावर घेऊ नको.’ मी मनावर घेतलं नाही. नंतर बीटवर आल्यावर घेतलं. मंजूर झालेल्या विषयांत काय होतं हे मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं, आणि आज ती वही कुठं असेल कुणास ठाऊक.

आजच्या काळात त्या वहीला आणखी एक गिऱ्हाईक आलं आहे. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून दर्जा देणारी संस्था. तिच्या जुन्या पद्धतीत सात निकषांतला पाचवा विद्यार्थ्यांविषयी होता आणि त्यात विद्यार्थ्यांचा सहभाग, परिषद, समित्यांवरचं प्रतिनिधित्व हे विचारलं जायचं. कॉलेजची अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष म्हणजे आयक्यूएसी, तिच्यातही विद्यार्थी लागतो. त्यामुळं ज्या कॉलेजात पाच-पाच वर्षं परिषदेचं नाव निघत नाही, तिथं नॅकच्या तपासणीच्या आधीच्या सत्रात अचानक निवड होते, शपथविधी होतो, फोटो निघतात. तुमच्या कॉलेजची नॅकची तपासणी जवळ आलेली आहे का, विचारा. आणि एक गंमत करा. कॉलेजच्या वेबसाइटवर दरवर्षीचा एक्यूएआर, म्हणजे नॅकसाठीचा वार्षिक गुणवत्ता अहवाल, टाकावा लागतो. तो उघडा आणि विद्यार्थी परिषदेबद्दल तिथं काय लिहिलंय ते वाचा. तुमच्या सीनियर पोरांना विचारा, हे तुमच्या वेळी झालं होतं का. मला अशा वाचनातून जेवढ्या बातम्या मिळाल्या तेवढ्या कुठल्या पत्रकार परिषदेतून मिळाल्या नाहीत. संस्था बाहेर सांगते एक आणि अहवालात लिहिते दुसरं, आणि दोन्ही स्वतःच प्रसिद्ध करते.

संघटनांच्या बातम्यांचंही थोडक्यात सांगतो. ‘मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्याचा इशारा.’ खाली ‘निवेदनावर यांच्या स्वाक्षऱ्या आहेत’ आणि अठरा नावं. ही बातमी त्या अठरा नावांसाठी असते. आठ दिवसांनी मागणीचं काय झालं हे कुणी विचारत नाही, आम्हीही नाही. खरं निवेदन ओळखायची माझी खूण साधी आहे : त्यात तपशील असतो. ‘निकालातील गोंधळ दूर करा’ हे घोषवाक्य झालं. ‘बी.कॉम. तिसऱ्या सत्राच्या इतक्या मुलांचे निकाल राखीव आहेत, ही त्यांच्या बैठक क्रमांकांची यादी’, हे निवेदन. दुष्काळात परीक्षा शुल्क माफ झाल्याची बातमी पहिल्या पानावर यायची, 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या काळातही आली. पण शुल्क आधीच भरलेल्या पोरांना ते परत मिळालं का, ही बातमी एका कॉलेजच्या तीन मुलींनी पावत्यांचा गठ्ठा टेबलावर आणून टाकला तेव्हा झाली. त्यांच्याकडं पद नव्हतं. झेरॉक्स होती.

माझ्या असल्या बोलण्यावर जुनी मंडळी चिडतात. म्हणतात, मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना तू असं हलक्यात घेतोस? मी घेत नाही. 1938 ला निजामाच्या राज्यात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून पोरांची नावं कॉलेजातून कमी झाली, उस्मानिया विद्यापीठातून काढलेली कित्येक पोरं नागपूरला जाऊन शिकली. 1974 चं मराठवाडा विकास आंदोलन कॉलेजच्या पोरांनीच रस्त्यावर आणलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात 1978 च्या जुलैत झाला आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. मधल्या साडेपंधरा वर्षांत विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते, आणि ठरावानंतर ज्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या त्याचा डाग पुसता येत नाही. त्या वेळी पेपरही बाजू घेऊनच उभे होते. म्हणून जुना काळ सोन्याचा होता असं मला कुणी सांगू नये. फरक एवढाच दिसतो की त्या बातम्यांत ‘करण्यात आले’ नसायचं. कुणी काय केलं हे गावाला माहीत असायचं.

तर पद घ्यावं का? घ्या. पण पेढे वाटायच्या आधी प्राचार्यांच्या नावे एक अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अर्जात तीनच गोष्टी मागा : माझ्या नेमणुकीचं लेखी पत्र, ती कोणत्या तरतुदीनुसार केली त्याचा उल्लेख, आणि महाविद्यालय विकास समितीच्या पुढच्या सभेची नोटीस विषयपत्रिकेसह. भाषा नम्र ठेवा, ‘विनंती’ शब्द दोनदा घाला, काही बिघडत नाही. नाही म्हणाले तर वाद घालू नका. अनुदानित कॉलेज माहिती अधिकारात येतं. साध्या कागदावर, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत अर्ज लिहा : मागच्या तीन वर्षांची समितीची इतिवृत्तं. पानाला 2 रुपये पडतील. 30 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर आहे. फक्त हा दुसरा अर्ज वडिलांना किंवा मोठ्या भावाला विचारून, शक्यतो त्यांच्या नावानं करा. प्रॅक्टिकलचे मार्क कुणाच्या हातात असतात हे मी विसरलेलो नाही, आणि शूर होण्याचा सल्ला देणाऱ्याला परीक्षेला बसायचं नसतं.

वही पुढं आली तर आधी वाचा. ज्या सभेला होतात तिच्यावरच सही करा आणि सहीखाली त्या दिवसाची तारीख तुमच्या हातानं टाका. कोऱ्या जागेवर रेघ मारा. क्लार्क रागावेल, पण त्याला समजतं, त्यानं आयुष्यभर हेच पाहिलेलं असतं. आणि एकट्या जाऊ नका. अध्यक्ष म्हणून ज्याचं नाव छापून आलंय त्यालाही विचारलं होतं का, हे त्याला आधी विचारा. माझा अंदाज, त्यालाही पेपरातूनच कळलं असेल.

नियुक्तीचं पत्र हातात आलं तर त्यावरची तारीख बातमीच्या आधीची आहे की नंतरची, तेवढं मला कळवा.